केसरबाई केरकर: ‘व्हॉयेजर’च्या अलीकडची थोरवी (धागा)

१/
सुरश्री केसरबाई केरकर यांचे नाव आज निघते ते बहुधा एकाच संदर्भात: अंतराळात गेलेला भारतीय स्वर. माहिती खरी आहे आणि तिचा अभिमानही रास्त आहे. परंतु केसरबाईंची थोरवी मोजण्याचे ते माप नव्हे. उलट, त्या एका गोष्टीच्या झगमगाटात त्यांचे खरे कर्तृत्व झाकोळून गेले आहे.

२/
प्रथम ती गोष्ट. १९७७ साली अमेरिकेच्या ‘नासा’ने दोन व्हॉयेजर याने सोडली. प्रत्येकावर एक सोनेरी तबकडी होती आणि तीत जगभरातील २७ संगीतरचना. भारतातून निवडली गेलेली एकमेव रचना म्हणजे केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले; १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या.

३/
ही शिफारस केली संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी. तबकडी तेव्हा बाजारात सहजी मिळत नव्हती. पुष्कळ शोधानंतर ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानात सापडली. म्हणजे निवड जाणकाराची, प्राप्ती योगायोगाची. यात केसरबाईंचे होते ते केवळ गाणे. मग ते गाणे घडले कसे, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

४/
जन्म १८९२ चा, गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या केरी गावी. बालपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने शिक्षण, पुढे रामकृष्णबुवा वझे, मुंबईत बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले. गुरू मोठे, पण तालीम दरवेळी तुटलेली. एकसंध विद्या अशी हाती आलीच नव्हती.

५/
१९२१ साली केसरबाईंनी उस्ताद अल्लादिया खाँ यांचा गंडा बांधला. वय अठ्ठाविसाच्या पुढे. ज्या वयात गवई मैफली गाजवू लागतो, त्या वयात त्यांनी पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली. १९४६ मध्ये खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, हे नाते टिकले. व्हॉयेजरपेक्षा ही पंचवीस वर्षे अधिक विस्मयकारक आहेत.

६/
जयपूर-अत्रौली घराण्याची ही गायकी अवघड मानली जाते. अनवट आणि जोड राग, खुला आकार, लयीच्या अंगाने उलगडत जाणारी पेचदार तान, आणि समेवर येताना कोठेही न जाणवणारी ओढाताण. केसरबाईंच्या भरदार, तिन्ही सप्तकांत सारख्याच तेजाने फिरणाऱ्या आवाजात ही गायकी आपल्या पूर्ण वैभवाने प्रकटली.

७/
भैरवी ही मैफलीच्या शेवटी गायची, हा आपला संकेत. अंतराळात गेला तो मैफलीचा समारोप. मैफल येथेच राहिली. जे केवळ ती भैरवी ऐकून ‘केसरबाई ऐकल्या’ असे मानतात, त्यांनी मूर्ती न पाहता कळसालाच नमस्कार केला असे म्हणावे लागेल.

८/
याला एक सामाजिक बाजूही आहे. केसरबाई कलावंत समाजातल्या. मंदिराची सेवा आणि धनिकांचा आश्रय यांवर त्या समाजातील स्त्रियांची कला जगत आली होती. कधी, कोठे, कोणापुढे गायचे, हे ठरविण्याचा अधिकार गाणारीकडे क्वचितच असे. केसरबाईंनी तो अधिकार स्वतःकडे घेतला. बिदागी, श्रोते, मैफलीची शिस्त या साऱ्यांत शब्द त्यांचा चाले.

९/
याच स्वभावापायी त्यांच्यावर आक्षेपही आले. ध्वनिमुद्रणाबाबत त्या कमालीच्या सावध. शिकविण्यातही हात आखडता. शिष्या म्हणून नाव घ्यावे ते धोंडूताई कुलकर्णी यांचेच. टीकाकार म्हणतात, एवढी विद्या मिळवून ती मुक्तहस्ते वाटली नाही, तर पुढच्या पिढ्यांचे नुकसान झाले.

१०/
हे नुकसान खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दोष एकट्या केसरबाईंच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. विद्या राखून ठेवण्याची रीत त्यांच्या आधीच्या अनेक उस्तादांचीही होती. उस्तादाने चीज राखली तर त्याला घराण्याची शान म्हणायचे आणि बाईने राखली तर तिला गर्विष्ठ म्हणायचे, हा न्याय दुटप्पी आहे.

११/
शिवाय जिच्या समाजातील स्त्रियांना ‘नाही’ म्हणण्याची मुभाच नव्हती, तिच्या नकाराचे मोल निराळे. वयाच्या सत्तरीच्या सुमारास, आवाज ओसरून लोकांनी हळहळावे अशी वेळ येऊ न देता, त्यांनी मैफली थांबविल्या. तो निर्णयही त्यांचाच.

१२/
मान्यता तर व्हॉयेजरच्या कितीतरी आधीच आली होती. १९३८ साली त्यांचे गाणे ऐकून रवींद्रनाथ ठाकुरांनी लेखी गौरव केला. १९४८ मध्ये कोलकात्याने ‘सुरश्री’ ही उपाधी दिली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण. अमेरिकेने दखल घेतली म्हणून त्या मोठ्या झाल्या, असे वाटण्यात आपल्याच परंपरेविषयीचे अज्ञान दिसते.

१३/
केसरबाईंचे स्मरण करायचे तर ते यानाच्या छायाचित्राने करू नये. ललितागौरी, नट-कामोद, कुकुभ बिलावल यांची त्यांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. त्यातील एक निवडावे, शांतपणे बसावे आणि पुन्हा पुन्हा ऐकावे. पहिल्या श्रवणात सगळे कळणार नाही. ती गायकी तशी नाहीच. अब्जावधी किलोमीटर दूर गेलेल्या तबकडीला श्रोता मिळेल की नाही, हे आपल्या हाती नाही. येथे राहिलेल्या तबकड्यांना मात्र तो मिळायलाच हवा.

(समाप्त)