बाँडवरची सोडचिठ्ठी

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून माझं माहेरी जाणं जरा वाढलंय. गेल्या नाताळात अशीच गेले होते, तर आमच्या मंडळीतली एक मुलगी घरी भेटायला आली. सासर नांदेड जिल्ह्यात, देगलूरकडचं. पण पाच-सहा वर्षांपासून ती लातूरला माहेरीच राहते. सोबत सात वर्षांची लेक.

"ताई, माझं दुसरीकडं जमलंय. मुलगा चांगलाय, लेकीला सांभाळतो म्हणायलाय. पण पाळकसाहेब लग्न लावायला नाही म्हणायलेत. तुम्ही जरा बोला ना."

मी बोलले. पाळकसाहेबांचं उत्तर एका वाक्याचं होतं, "आधीच्या लग्नाचा कोर्टाचा हुकूम आणा."

तिनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेला कागद काढला. शंभर रुपयांचा बाँड, साल २०१९. नोटरीचा शिक्का, दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या, अंगठे. राजीखुशीने वेगळे होत आहोत, एकमेकांवर काही हक्क राहिला नाही, असा मजकूर. "सगळ्यांसमोर लिहून देलंय ना त्यानं! अजून काय पाहिजे?"

मैत्रिणींनो, पाळकसाहेबांचं बरोबर होतं. तो कागद म्हणजे घटस्फोट नव्हे.

हे आपल्याकडे कुठून आलं, तेही समजून घ्यायला हवं. मराठवाड्यातल्या आमच्यासारख्या कितीतरी घरांतले आजे-पणजे मांग-महार समाजातून ख्रिस्ती झाले. बाप्तिस्मा झाला, पण पंचांसमोरची फारकत घरात राहिलीच. हिंदू विवाह कायद्यात (१९५५) रूढीनं झालेल्या घटस्फोटाला, ती रूढी कोर्टात सिद्ध झाली तर, जागा आहे. ख्रिस्ती माणसाला तीही नाही. आपल्याला १८६९ चा घटस्फोट कायदा लागू, आणि त्यात लग्न मोडतं ते फक्त कोर्टाच्या हुकमानं.

आता कुणी विचारेल, मग लोक कोर्टात का गेले नाहीत? जाणार कसे! २००१ पर्यंत नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरत होतं. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार दाखवून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचंही सिद्ध करावं लागे. नुसती मारहाण, नुसतं टाकून देणं हे घटस्फोटाला कारणच नव्हतं. परस्पर संमतीची सोय नव्हती. जिल्हा कोर्टानं हुकूम दिला तरी वर उच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब करायचं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं प्रगती वर्गीस यांच्या खटल्यात हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. मग २००१ मध्ये संसदेनं कायदाच बदलला. क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग ही स्वतंत्र कारणं झाली. संमतीचं कलम १०-अ आलं. त्यालाही दोन वर्षं वेगळं राहण्याची अट. हिंदूंना एकच वर्ष. केरळ उच्च न्यायालयानं २०१० मध्ये ते एक वर्ष असं वाचायला सांगितलं, कायद्याच्या पुस्तकात मात्र अजून दोनच आहे.

पंचवीसेक वर्षं होत आली या बदलाला. आमच्या वस्तीवर ही बातमी कुणी सांगितली? महिला मंडळात कितीतरी विषयांवर बोलणं होतं, हा निघाला की सगळ्या गप्प. कॅथलिक बहिणींची गत आणखी वेगळी. तिथं चर्चचं न्यायमंडळ विवाह रद्दबातल ठरवू शकतं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती पद्धत सोपीही केली. पण तो निर्णय घेऊन शासनाच्या दारात गेलं तर उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये हे स्पष्ट केलंय.

देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये, ही शिकवण मीही मानते. पण मत्तयाचा एकोणिसावा अध्याय परत वाचून बघा. तिथं प्रश्न विचारणारे पुरुष आहेत, आणि प्रश्न आहे बायकोला सूटपत्र लिहून घालवून देण्याचा. म्हणजे बोलणं झालंय ते पुरुषाच्या हातातल्या कागदाबद्दल! आपण मात्र ती शिकवण बाईला ऐकवतो, "सोस बाई". आणि त्याच्या कागदावर पंच म्हणून सह्या करणारे आपल्याच मंडळीतले.

मोडलेल्या घरात लेकरांचं काय होतं ते मी पाहिलंय, त्यामुळे घटस्फोट ही सोपी वाट आहे असं म्हणवत नाही. या मुलीची लेक शाळेत पप्पा पुण्याला कामाला आहेत म्हणून सांगते. खरंच आहे ते. फक्त तिथं त्यानं दुसरं घर केलंय. इथं मोडायचं काय शिल्लक होतं?

तिला वकिलांकडे घेऊन गेले. त्यांनी बाँडवरच्या 'राजीखुशीने' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. या एका शब्दानं दोन घोटाळे केले होते. संमतीनं वेगळी राहणारी बायको म्हणून पोटगी नाकारायला त्याला निमित्त मिळालं. आणि टाकून दिलं म्हणावं, तर तूच कबूल होतीस म्हणायला तो मोकळा. संमतीचा अर्ज सगळ्यात सोपा, पण त्याला त्याची सही हवी. फोनवर तो म्हणाला, "देलंय की लिहून एकदा!"

राहिलं व्यभिचाराचं कारण. त्यात दुसऱ्या बाईलाही प्रतिवादी करावं लागतं. वकिलांनी तिचं नाव विचारलं, तर ही मुलगी बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, "ताई, तिची काय चूक? तिलाबी त्यानं हाच बाँड दाखवला असंल."