दुःख आणि गीत : विरोध वचनांचा की वाचनाचा?

बायबलमधील काही वचने शेजारी शेजारी ठेवली की अभ्यासक संभ्रमात पडतो. खिन्न मनुष्यापुढे गाणी गाणे हे थंडीच्या दिवशी त्याचे वस्त्र काढून घेण्यासारखे आहे, असे 'नीतिसूत्रे' (२५:२०) बजावते. दुःखिताने प्रार्थना करावी, आनंदिताने स्तोत्रे गावीत, असे याकोबाचे पत्र (५:१३) सांगते. १३७ व्या स्तोत्रातील बंदिवान बाबेलात गाण्यास नकार देतात. 'प्रेषितांची कृत्ये' (१६:२५) मध्ये मात्र खोड्यात अडकलेले पौल व सीला मध्यरात्री गातात. मग दुःखात गावे की न गावे?

हा विरोध, आमच्या मते, गीत कोणाचे व कोणासाठी हे न पाहिल्यामुळे भासतो. नीतिसूत्रातील गायक स्वतः दुःखी नाही. तो आपला आनंद दुसऱ्याच्या दुःखावर लादतो. बाबेलात गीताची मागणी जेत्यांची आहे, आणि तिला दिलेला नकार हेच तेथे गीत झाले आहे. तुरुंगातील गीत पीडितांचे स्वतःचे, देवाला उद्देशून आहे. तेथे प्रार्थना व गायन एकच होतात. म्हणून याकोबाच्या उपदेशालाही बाध येत नाही.

अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) वाङ्मयीन परंपरेसाठी हा भेद महत्त्वाचा आहे. येथे १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग-भजनाची वाट प्रशस्त केली. अभंगातील 'मी' गाणाऱ्याचा होतो. तुकोबांचा अभंग म्हणणारा वारकरी केवळ तुकोबांचे दुःख सांगत नाही, स्वतःचेही बोलतो. जात्यावरच्या ओवीतही हेच घडते. टिळकांनी शोकाकुल भाविकाला तयार सांत्वन दिले नाही, स्वतः बोलण्याची भाषा दिली.

अर्थात केवळ रचनाबंधाने प्रश्न सुटत नाही. तेच भजन शोकग्रस्ताने स्वतः म्हटले तर आधार ठरते. त्याचे रडणे थांबवण्यासाठी इतरांनी म्हटले तर नीतिसूत्रातील निर्दयता होते. तरीही वर्गात अशा रचनांवर 'सांत्वनपर' किंवा 'सांप्रदायिक' असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. भक्तिगीतांवर संशोधन करणाऱ्यांनी संहितेबरोबर ती कोणी, कोणासाठी आणि कोणत्या प्रसंगी गायिली याचीही नोंद करावी. तिच्याअभावी करुणरसाची आपली चर्चा पुस्तकीच राहील.