जारवाल्यांचे वकील

गावच्या नळयोजनेवर पैसा घालवण्यात अर्थ नाही, आरओचा वीस लिटरचा जार दारात येतो तोच घ्यावा, असं एक लेखक हल्ली ठासून मांडत आहेत. नळाचं पाणी म्हणजे पावडरीचा वास, जारचं पाणी म्हणजे विज्ञान, अशी त्यांची वाटणी. विज्ञान त्यांनी अर्धंच वाचलं आहे.

प्लांटमध्ये बोअरचं पाणी वाळूतून आणि कोळशातून गाळतात. क्लोरीन घातलेलं असेल तर ते कोळशातच काढून टाकतात, कारण त्याने आरओचा पडदा खराब होतो. पडदा क्षार अडवतो, शेवटी यूव्ही आणि ओझोन जंतू मारतात. सील शाबूत असेपर्यंत हे काम चोख, यात वादच नाही. पण यूव्ही मागे काहीच ठेवत नाही आणि ओझोन थोड्याच वेळात विरून जातो. जार माठात ओतला, त्यात कुणी बोटांसकट पेला बुडवला, की जंतूला अडवणारं पाण्यात काही उरलेलं नसतं.

ज्या वासाला हे गृहस्थ नाक मुरडतात, तो क्लोरीन नावाच्या पहारेकऱ्याचाच. नळाच्या टोकाशी दर लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. म्हणून ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक गावातल्या शेवटच्या घरी जातो, काचेच्या नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे (ओटी) थेंब टाकतो. पिवळा रंग आला तर ठीक. पाणी बिनरंगीच राहिलं तर डोस कमी पडला. माठातल्या जारच्या पाण्याची अशी परीक्षा कोण घेतं? विहिरीत पावडर टाकायला विरोध करणारेही ‘पाण्याची चव गेली’ हेच सांगत. पटकी चवीला विचारून येत नव्हती.

आरओत बरंच पाणी वाया जातं, ते वेगळंच. आणि आयएस 14543 हे मानक सीलबंद पाण्याचं आहे. लग्नातल्या बिनसीलच्या थंड जारला त्याचा आधार देऊ नये.

यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडच्या पाण्याला आरओ लागेल, क्लोरीन तिथे कामाचं नाही. इतरत्र ब्लीचिंग पावडर (टीसीएल) कोरड्या खोलीत ठेवा, ओल लागली की तिचा जोर जातो. फुटलेली लाइन जोडा आणि जलसुरक्षकाचं मानधन वेळेवर द्या.