‘धुऊन टाकण्याची’ प्रसाधने

कायद्याची भाषा रुक्ष असते असे आपण मानतो. पण त्यातला एखादा शब्द केवढी कामगिरी करून जातो! अमेरिकेच्या २०१५ सालच्या ‘मायक्रोबीड-फ्री वॉटर्स अ‍ॅक्ट’मध्ये असाच एक शब्दप्रयोग आहे : ‘धुऊन टाकण्याची प्रसाधने’.

चेहरा घासण्याच्या क्रीममध्ये आणि टूथपेस्टमध्ये प्लास्टिकचे बारीक मणी घालण्याची तेथे रीत होती. मोरीतून हे मणी सांडपाण्यात जात. शुद्धीकरण केंद्रात पुष्कळसे अडकत. पण उरलेले नद्या-सरोवरांत पोहोचत. २०१२ मध्ये संशोधकांनी अमेरिकेच्या महासरोवरांत बारीक जाळी ओढली, तेव्हा ते हाती लागले. २०१४ मध्ये इलिनॉय राज्याने बंदी घातली आणि पुढच्या वर्षअखेरीस राष्ट्राध्यक्ष ओबामांनी केंद्रीय कायद्यावर सही केली. १ जुलै २०१७ पासून अशा प्रसाधनांचे उत्पादन बंद, वर्षभराने विक्रीही बंद. या तत्परतेचे कौतुक केलेच पाहिजे.

मात्र तत्परतेचे कारणही पाहावे. घासण्यासाठी जर्दाळूच्या कोयांचा चुरा चालतो, मीठ-साखर चालते. (आपल्याकडे डाळीचे पीठ चालतच आले आहे.) म्हणजे जे सोडणे सोपे, तेच सोडले. पावडर आणि लिपस्टिक यांना मुलायमपणा यावा म्हणून घालतात ती नायलॉनची भुकटी कायद्याबाहेर राहिली. कारण ही प्रसाधने चेहऱ्यावर ‘राहतात’ म्हणे! किती वेळ राहतात? स्नेहसंमेलनातले नाटक संपल्यावर विंगेमागच्या नळाशी आम्ही सारे रांगेने तोंड धूत होतो. राजाचा, दासीचा, शिपायाचा रंग एकाच मोरीत चालला होता. त्या रंगात काय काय होते, कोण जाणे.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये ही फट ओळखली, एवढे श्रेय त्यांना द्यावे लागेल. घासण्याचे मणी त्याच वर्षी बंद झाले. धुऊन टाकण्याच्या इतर प्रसाधनांना २०२७ पर्यंत, अंगावर राहणाऱ्यांना २०२९ पर्यंत आणि लिपस्टिक, नखांचा रंग व मेकअप यांना थेट २०३५ पर्यंत मुदत मिळाली. नवे मिश्रण बसवायला वेळ लागतो, हे उत्पादकांचे म्हणणे मी मान्य करतो. परंतु ‘यात प्लास्टिकचे कण आहेत’ असे वेष्टनावर छापण्याची सक्तीसुद्धा २०३१ पासूनच! एक ओळ छापायला कोणती प्रयोगशाळा लागते? ती ओळ पहिल्या दिवसापासून सक्तीची करायला हवी होती.