हवामान सांगणाऱ्याचं एक वाक्य

टीव्हीवर हवामान सांगायचं म्हणजे नकाशापुढे उभं राहायचं, हात फिरवायचा आणि हसून निरोप घ्यायचा, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. मायकेल फिश यांची कारकीर्द पाहिली की हा समज टिकत नाही. ते १९६२ साली ब्रिटनच्या हवामान खात्यात लागले आणि १९७४ पासून २००४ पर्यंत बीबीसीवर अंदाज सांगत राहिले. तीस वर्षं! पण लोकांच्या लक्षात राहिली ती एकच दुपार, १५ ऑक्टोबर १९८७ ची.

त्या दुपारी फिश हसत हसत म्हणाले की हरिकेन येतंय असं ऐकून एका बाईंनी बीबीसीला फोन केलाय. त्या बघत असतील तर त्यांनी काळजी करू नये, तसं काही नाही. त्याच रात्री दक्षिण इंग्लंडवर वादळ कोसळलं. ब्रिटनमध्ये १८ माणसं गेली, सुमारे दीड कोटी झाडं पडली.

फिश यांच्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे. अंदाज त्यांनी एकट्याने केला नव्हता. खात्याच्या संगणकालाच वादळाची वाट आणि जोर नीट पकडता आला नव्हता. त्याच बातमीपत्रात त्यांनी जोराचा वारा सुटेल असंही सांगितलं होतं. हरिकेनचं बोलणं फ्लोरिडाकडच्या वादळाबद्दल होतं, असं ते नंतर म्हणाले. शिवाय हरिकेन उष्ण समुद्रावर जन्मतं, आणि हे वादळ त्या जातीचं नव्हतंच. सगळं कबूल. पण ज्याची गाडी झाडाखाली चेपली, त्याला हा शास्त्रातला फरक काय कामाचा?

माझ्या मते फिश यांना नडलं ते ‘काळजी करू नका’ हे आश्वासन. आकडे खात्याचे असतात, पण कुठला शब्द कुठल्या सुरात म्हणायचा, ते सांगणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून हे काम मला भाषेचंही वाटतं.

आपल्याकडच्या मराठी वाहिन्या नेमकी उलटी चूक करतात. दोन तास पाऊस झाला की ‘हाहाकार’, ‘तांडव’, ‘ढगफुटी’. ढगफुटी म्हणजे एका तासात साधारण १०० मिलिमीटर पाऊस, हे कोण बघतो? ‘अतिमुसळधार’ हासुद्धा नुसता जोर देण्याचा शब्द नाही. भारतीय हवामान विभागाच्या भाषेत त्याचा अर्थ २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे कृती करा. पण ‘अलर्ट’ हा शब्द तिन्ही वेळा एकाच किंकाळीत ऐकू येत असेल, तर होडी बाहेर काढायची की नाही हे रापणकाराने कशावरून ठरवायचं? रोज ‘लांडगा आला रे’ ओरडलं की खऱ्या लांडग्याच्या दिवशी कोणी दार लावत नाही.

त्या वादळानंतर ब्रिटनमध्ये चौकशी झाली आणि १९८८ मध्ये तीव्र हवामानाचे इशारे देणारी राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली. फिश मात्र कुठे लपले नाहीत. पुढे सतरा वर्षं ते त्याच पडद्यावर उभे राहिले. ती चित्रफीत २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनातसुद्धा वाजली! एवढी थट्टा झेलून रोज पुन्हा उद्याबद्दल बोलायला उभं राहायचं, याला मी धैर्य म्हणते.

आपल्या मंडळातल्या काही जणांना पुढे वृत्तनिवेदक व्हायचंय. उच्चार शुद्ध हवेत, आवाज हवा, हे सगळे सांगतात. मी आणखी एक मागेन. ‘शक्यता आहे’ हे दोन शब्द न लाजता म्हणता आले पाहिजेत. आणि त्यांच्यापुढे कुठल्या तालुक्यात, कधीपर्यंत, किती पाऊस आणि लोकांनी काय करायचं, एवढं साध्या मराठीत सांगता आलं पाहिजे.