खेळांचा जीर्णोद्धार

जुन्या देवळांचा जीर्णोद्धार करण्याची एक विलक्षण रीत आपल्याकडे बोकाळली आहे. शेंकडों वर्षें ऊनपाऊस सोसून उभ्या असलेल्या काळ्या दगडावर पिवळा, निळा व गुलाबी तैलरंग फासावयाचा, खांबांवरची नक्षी चुन्यानें बुजवावयाची, आणि मग वर्गणीदारांचीं नांवें संगमरवरी पाटीवर कोरावयाचीं! देऊळ नवें दिसूं लागतें हें खरें. पण जें पाहावयास आपण जातों तें तेथें उरत नाहीं. संगणकावरील जुन्या खेळांचें जें पुनःप्रकाशन सध्यां मोठ्या गाजावाजानें चाललें आहे, त्यांतील बराच भाग याच जातीचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि तें मांडतांना कोणाची भीड बाळगण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

खेळाचें नांव काढतांच कित्येक वाचक पान उलटण्याच्या बेतांत असतील. त्यांनीं घटकाभर थांबावें, एवढीच विनंति.

गेल्या दिवाळींत घडलेली एक गोष्ट सांगतों. आमचें बिऱ्हाड शहाद्यास. आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ सालच्या १ जुलैस धुळ्यापासून निराळा झाला, त्याच सुमारास या भागांतील सुखवस्तु घरांतून संगणक येऊं लागले, आणि त्यांच्या पाठोपाठ खेळहि आले. त्यांतील एका खेळाची सीडी आम्हीं वीस वर्षें कपाटांत जपून ठेविली होती. पण आतांच्या यंत्रास सीडी घालावयाची खांचच नसते. तेव्हां त्या खेळाची नवी आवृत्ति निघाल्याचें वाचून आम्हीं मुकाट्यानें पैसे भरले, आणि नोकरीनिमित्त धडगांवास राहणाऱ्या भाच्याकडे सुटींत गेलों असतां तेथें ती चालविण्याचा घाट घातला. जो खेळ पूर्वीं एका सीडींत मावत असे, तो इंटरनेटवरून उतरवून घेण्यास दोन रात्री लागल्या. सातपुड्याच्या त्या वळणावर इंटरनेट येतें तें पाहुण्यासारखें. आलें तर आलें. खेळ उतरल्यावर त्यानें आमचें नांव-गांव विचारलें, खातें उघडावयास लाविलें, आणि दर वेळीं सुरू होण्यापूर्वीं आपल्या धन्याशीं बोलणें झालेंच पाहिजे असा हट्ट धरिला. अखेर एकदांचा खेळ लागला. पात्रांचे चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत झाले होते, आणि ज्या संगीताच्या पहिल्या दोन सुरांनीं आम्हांस वीस वर्षें मागें न्यावयाचें, तें संगीतच बदललें होतें. भाच्यानें लहानपणीं तो खेळ आमच्या शेजारीं बसून शिकलेला. दहा मिनिटांनीं तो उठला व म्हणाला, "मामा, हा तो खेळच नव्हे."

त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. मूळ खेळ विकत मागावयास जावें, तर तो आतां विक्रीस नाहीं.

आपल्या सारीपाटावर असा प्रसंग कधीं येत नाहीं. पट फाटला तर दुसरें कापड शिवावें, कवड्या हरवल्या तर चिंचोके फोडून घ्यावे. खेळाचे नियम माणसांच्या तोंडीं नांदतात, आणि जोंवर एक आजी व एक नातू आहेत तोंवर खेळास मरण नाहीं. संगणकावरील खेळाची स्थिति याच्या उलट आहे. तो एका विशिष्ट यंत्रास उद्देशून लिहिलेला असतो. तें यंत्र गेलें कीं तो मुका होतो. फ्लॉपीवरील चुंबकीय लेखनहि कांहीं दशकांत क्षीण होत जातें. म्हणून नव्या यंत्रांसाठीं जुन्या खेळांचें पुनःप्रकाशन हें चांगलें काम आहे, किंबहुना अत्यावश्यक आहे. आमचा कटाक्ष त्यावर नाहीं. आमचा कटाक्ष आहे तो पुनःप्रकाशनाच्या मिषानें मूळ कृति नाहींशी करण्यावर.

हें काम दोन रीतींनीं होतें. पहिली रीत अशी कीं, खेळास हातहि न लावतां नव्या यंत्राच्या पोटांत जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल उभी करावयाची, म्हणजे जुन्या खेळास आपण आपल्याच घरीं आहों असें वाटतें. २००२ सालीं निघालेलें ‘डॉसबॉक्स’ हें या जातीचें साधन हौशी मंडळींनीं पदरमोड करून रचलें व सर्वांस फुकट दिलें. पोलंडमधील एका कंपनीनें २००८ सालीं ‘गुड ओल्ड गेम्स’ नांवाचें दुकान काढलें, तें याच साधनाच्या बळावर कित्येक जुने खेळ विकूं लागलें. आणि विशेष हें कीं, विकलेल्या मालास कुलूप घातलें नाहीं. एकदां घेतलेला खेळ धडगांवास न्या कीं तोरणमाळास न्या, तो कोणास विचारावयास जात नाहीं. सचोटीनेंहि धंदा होतो याचा हा पुरावा होय.

दुसरी रीत म्हणजे चित्रें, आवाज, चाल हें सर्व नव्यानें करावयाचें. यासहि आमची तत्त्वतः हरकत नाहीं. ‘सौभद्र’ १८८२ सालापासून किती मंडळ्यांनीं किती थाटांनीं केलें! पण नवा संच उभा राहिला म्हणून जुनी संहिता कोणी बंबांत घातली नाहीं. खेळांच्या व्यापारांत मात्र नेमकें तेंच होतें. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या मालिकेंतील तीन जुने खेळ रॉकस्टार कंपनीनें नोव्हेंबर २०२१ मध्यें नव्या रूपांत काढले, आणि त्याच्या आधींच जुने खेळ इंटरनेटवरील दुकानांतून उचलून टाकले. नवे निघाले ते इतके सदोष कीं, आठवड्याभरांत कंपनीस जाहीर माफी मागून जुने पुन्हां विक्रीस ठेवण्याचें कबूल करावें लागलें. ‘वॉरक्राफ्ट ३’ हा २००२ सालचा खेळ जानेवारी २०२० मध्यें नटवून काढतांना तर ज्यांनीं जुना खेळ पूर्वींच विकत घेतला होता, त्यांच्याहि गळ्यांत नवी अवजड आवृत्ति बांधण्यांत आली. घरांतलें पुस्तक प्रकाशकानें रात्रीं येऊन बदलावें, अशांतलाच हा प्रकार.

महाराष्ट्रास या बाबतींत परक्यांकडून धडा घेण्याची गरज नाहीं. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीन शतकांत भाषा जुनी झाली होती, नकलाकारांनीं पाठ बिघडविले होते. मनांत आणतें तर नाथांसारख्या कवीस सबंध ग्रंथ आपल्या काळच्या भाषेंत नव्यानें रचणें अवघड नव्हतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं चुकलेलें तेवढें काढलें, मूळचें होतें तें राहूं दिलें, आणि पुढें आपल्या पदरच्या ओव्या मध्यें घुसडणारास कडक शब्दांत बजाविलें. ज्ञानेश्वरीची व करमणुकीच्या खेळाची तुलना केली म्हणून कोणी रागावूं नये; वस्तु लहान असली तरी ती जपण्याची नीति एकच असते.

तशी नीति आजहि पाळतां येते. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन गृहस्थानें एकट्यानें लिहिलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा १९८९ सालचा खेळ आमच्या पिढींतील पुष्कळांस आठवत असेल. त्यांतील राजपुत्राचें धांवणें व उडी मारणें मेक्नरनें आपल्या धाकट्या भावाचें चित्रण करून त्यावरून उतरविलें होतें, आणि संगीत वडिलांनीं रचलें होतें. त्या खेळाचें मूळ लेखन हरवलें होतें. २०१२ सालीं वडिलांनीं पाठविलेल्या जुन्या सामानाच्या एका खोक्यांत त्या फ्लॉप्या सांपडल्या. जाणत्या मंडळींनीं त्यांवरील मजकूर जपून उतरवून घेतला, आणि मेक्नरनें तो सर्वांस पाहावयास खुला केला. बापाच्या घरीं खोकें टिकलें म्हणून ग्रंथ वांचला! पुढें त्याच्याच ‘कराटेका’ (१९८४) या पहिल्या प्रसिद्ध खेळाची डिजिटल एक्लिप्सनें २०२३ सालीं काढलेली आवृत्ति पाहावी. तींत मूळ खेळ जसाच्या तसा आहे, त्याचे कच्चे खर्डे आहेत, पत्रव्यवहार आहे, आणि नव्यानें केलेला खेळहि आहे. पण तो मुळाच्या शेजारीं, मुळाच्या जागीं नव्हे.

अशीं उदाहरणें थोडीं. अमेरिकेंत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आज बाजारांत रीतसर मिळत नाहींत, असें ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेनें २०२३ सालीं पाहणीअंतीं सांगितलें.

कोणी म्हणेल, पोरखेळ बुडाले तर बुडूं द्या. कादंबरीस हेंच म्हणत असत, बोलपटास हेंच म्हणत असत. मूकपटांच्या काळीं कोणी जपणूक केली नाहीं, म्हणून त्यांतले फारच थोडे आज उरले. १९६४ सालीं पुण्यास चित्रपट संग्रहालय निघालें तेव्हां पी. के. नायर यांना गांवोगांव रिळें शोधीत हिंडावें लागलें, आणि त्यानंतरहि २००३ च्या जानेवारींत पुण्यांतच लागलेल्या आगींत नायट्रेटचीं कित्येक रिळें भस्म झालीं. ही चूक आणखी किती वेळां करावयाची?

दुसरा आक्षेप मालकी हक्काचा. मालकानें आपल्या मालाचें वाटेल तें करावें, त्यांत तुमचें काय गेलें? आमचे पैसे गेले, हें पहिलें उत्तर. युबिसॉफ्ट कंपनीनें २०१४ सालीं विकलेला ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजीं आपलीं यंत्रें बंद करून कायमचा संपविला. पैसे मोजलेल्यांच्या घरींहि तो राहिला नाहीं. या चालीविरुद्ध युरोपांत जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांवर लोकांनीं सह्या केल्या. आणि आमच्या बाजूचा दोष आम्ही लपवीत नाहीं: आमच्या जिल्ह्यांत हे खेळ आले ते बहुतांशीं चोरट्या नकलेच्या सीडींवरून. पण आज पैसे घेऊन दारीं उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकास अस्सल माल नाहीं म्हणून परत पाठवावयाचें, आणि मग त्यानें चोरी केली म्हणून ओरडावयाचें, हा कोठला न्याय?

आपला कायदा तरी काय म्हणतो? १९५४ च्या कायद्यानें प्रत्येक प्रकाशकानें पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व आणखी तीन ग्रंथालयांस द्यावयाची असते. खेळांस असें बंधन नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत संगणकावरील लेखन साहित्यांतच गणलें जातें, व त्याचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षें चालतो. तोंवर फ्लॉपी कसची टिकते! त्याच कायद्यांत २०१२ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांसाठीं एक चांगली सवलत आली: विनानफा चालणाऱ्या ग्रंथालयास आपल्या संग्रहींची कृति जतनासाठीं संगणकांत साठवितां येते. पण अट अशी कीं, मूळ प्रत डिजिटल नसावी. म्हणजे छापील पुस्तक वांचवितां येतें. आणि जो खेळ जन्मतःच डिजिटल, ज्याच्या प्रती सर्वांत लवकर नासतात, तो मात्र या सवलतीबाहेर! कलम करणारांच्या मनांत दुष्टावा होता असें आम्ही म्हणत नाहीं. हा विषयच त्यांच्या मनांत आला नसावा.

हा प्रश्न केवळ विलायती खेळांचा नाहीं. १९९९ सालीं मुंबईंत विशाल गोंदल यांनीं काढलेल्या ‘इंडियागेम्स’नें बटणांच्या मोबाईलवरील खेळ केले, एस. टी. च्या प्रवासांत ते खेळून आपल्याच मुलांचे अंगठे झिजले. पुढें ती संस्था डिस्नीच्या ताब्यांत गेली. ते फोन गेले, आणि त्यांवरचे खेळ आतां मागावयाचे तरी कोणत्या दुकानांत? ते नव्या मोबाईलवर जसेच्या तसे चालवून दाखविणें कांहीं अशक्य नाहीं; डॉसबॉक्सवाल्या हौशी लोकांनीं याहून बिकट कामें केलीं आहेत.

देशांतील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं आमच्याच शहादें तालुक्यांत, टेंभलीस दिला गेला. तेव्हां नवीं यंत्रें या भागांत आणणें सरकारास जड गेलें नाहीं. जुन्या यंत्रांवरचें कांहीं राखण्याची व्यवस्था मात्र जिल्ह्यांत कोठेंहि आमच्या पाहण्यांत नाहीं. कॉपीराइट कायद्यांतील ती एक अट काढावी, म्हणजे ग्रंथालयांस खेळांची प्रत करून ठेवतां येईल, आणि वाचनालयांतील एका यंत्रावर बसून कोणासहि तो मूळ रूपांत पाहतां येईल. आमची सीडी अजून कपाटांत आहे. तिच्यावर दोन ओरखडे आहेत, तरी मागील महिन्यांत एका मित्राच्या जुन्या यंत्रावर लावून पाहिली तेव्हां ती चालली.