रंगीत मातीची नक्षी

घरोघर चिनी मातीच्या बरण्या आल्या, आणि आपल्या मातीसही नक्षी ठाऊक होती याचा आपणां सर्वांस विसर पडला. नाशिक रोडच्या आमच्या वाचकांस तिचा माग दूर काढावयास नको. नाशकांत गोदाकांठीं मातीची गढी आहे. तेथें १९५०-५१ सालीं डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनीं केलेल्या उत्खननांत तीन हजार वर्षांहून जुनीं रंगीत खापरें निघालीं. संगमनेरजवळील गांवावरून या घाटास 'जोर्वे' म्हणतात. चाकावर घडविलेल्या भांड्यास तांबड्या मातीचा पातळ लेप देत, त्यावर काळ्या रंगानें तिरप्या रेघा, शंकरपाळ्यासारखे चौकोन काढीत, व मग भाजीत. भाजणी इतकी पक्की, कीं टिचकी मारतांच धातूसारखा नाद उठावा!

पुणें जिल्ह्यांतील इनामगांवीं घरांच्या जमिनीखालीं तान्हीं मुलें पुरलेलीं आढळलीं. तोंडास तोंड लावलेल्या दोन साध्या करड्या मडक्यांत. सोबत मात्र नक्षीचें तोटीदार भांडें व वाटी ठेवीत. घरांतील देखणें तें लेकरास दिलें, असेंच आम्हांस वाटतें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयांत मुलांस न्याल, तेव्हां त्यांस एवढें अवश्य सांगावें.